फोडणीची पळी

"तो बाऊल कशाला काढताय?"

पप्पा स्टुलावर चढले होते. शोकेसच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात हात घातलेला. हनुवटीला दोन ठिकाणी पेपरचे कपटे चिकटवलेले, म्हणजे दाढी घासून घासून केलेली. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. सुट्टीच्या दिवशी पप्पा कधीच दाढी करत नाहीत.

"कोशिंबिरीला," ते म्हणले.

"स्टीलचं पातेलं मेलंय काय?"

"धने, सकाळी सकाळी चालू करू नको."

तो बाऊल आईचा. जाड काचेचा, कडेनं निळी फुलं. आम्ही ह्या घरात राहायला आलो तेव्हा मिरजच्या मामीनं दिलेला. आईनं त्यात कधी काही खाल्लं नाय आणि कुणाला खाऊ पण दिलं नाय. दिवाळीला खाली काढायची, धुवायची, मऊ फडक्यानं पुसायची, की परत वर. काविळीनं आई गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्या बाऊलला कुणी हात लावला नव्हता.

"कोण येणार हाय?"

"जयमाला मॅडम. डेपोतल्या."

"कंडक्टर?"

"का, कंडक्टर माणूस नसतंय व्हय?"

पप्पा विट्याच्या डेपोत एसटीवर ड्रायव्हर. ह्या जयमाला मॅडमचं नाव मी ऐकून होते. वर्षभर दोघांची ड्युटी एकाच गाडीवर होती. मी न विचारताच मला बरंच कळलेलं. पप्पांचा डबा संध्याकाळी परत यायचा तेव्हा कधी त्यात कुणाच्या तरी हातचं थालीपीठ असायचं, कधी शेंगदाण्याची चटणी. "खा की," पप्पा म्हणायचे. मी ते गल्लीतल्या कुत्र्याला घालायचे.

"कशाला येणार हाय ती?"

"तिला तुला भेटायचंय."

"मला कशाला?"

पप्पा स्टुलावरनं उतरले. बाऊल छातीशी धरलेला. माझ्याकडं न बघता म्हणले, "जेवताना बोलू आपण."

मग काय कळायचं राहिलं? मी सोळाची होते, सहाची नाय. ती बाई आमच्या घरात यायला निघाली होती.

मला तेव्हा शाळा सोडून दीड वर्ष झालेलं. नववीत गणिताच्या सरांनी सगळ्या वर्गापुढं म्हणलं, आई नसली की पोरी अशाच वाया जातात. मी त्यांच्या टेबलावरचं डस्टर उचललं, खिडकीतनं बाहेर फेकलं, दप्तर घेतलं आणि घरी आले. परत गेलेच नाय. पप्पा दोनदा हेडसरांना भेटून आले. तिसऱ्यांदा गेले नाहीत. मग मी आणि ते, दोघंच. सकाळी ते ड्युटीला जायचे, मी गल्ली, टीव्ही, छत, परत गल्ली. कुणी काय बोललं की भांडण. महिन्यातनं एकदा तरी कुणाची आई आमच्या दारात यायचीच.

स्वयंपाक पप्पाच करायचे. आई आजारी असतानाच शिकलेले. चपाती, आमटी, अख्खा मसूर, सगळं. माझं काम एकच, फोडणी. ती मला आईनं शिकवलेली, आठ-नऊ वर्षांची असताना, पाटावर उभी करून. आमच्याकडं फोडणी वरनं ओतत नाहीत. लांब दांड्याच्या लोखंडी पळीत तेल कडकडीत तापवायचं, मोहरी, हिंग, लाल मिरची टाकायची आणि ती पेटत्या गॅसवरची पळी तशीच्या तशी भांड्यात बुडवायची. चुर्र झालं पाहिजे. चार घरं पलीकडं ऐकू गेलं पाहिजे. आई म्हणायची, ओतली की पळीला निम्मं तेल चिकटून राहतंय, बुडवली की सगळं उतरतंय. पातेलं असो, कढई असो, पळी बुडवायचीच.

त्या दिवशी पप्पांनी काकडी बारीक कोचवली, दही घातलं, दाण्याचं कूट घातलं आणि बाऊल फ्रीजमध्ये सगळ्यात वर, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवला. "मॅडमना गार आवडतंय," म्हणले.

मी म्हणलं, "मॅडमना अजून काय काय आवडतंय?"

पप्पांनी ऐकलं नाय असं दाखवलं.

बारा वाजता ती आली. उंच, सावळी, पाठीचा कणा ताठ. एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली, इतकी वर्षं त्यावर पिशवी अडकवून. चांगली जांभळी साडी, आणि साडीखाली पायात कॅनव्हासचे बूट. हातात सीताफळांची पिशवी. दारात थांबून म्हणली, "आत जागा हाय का हो? का पाठीमागच्या गाडीनं येऊ?"

पप्पा हसले.

मी म्हणलं, "तिकीट काढलंय का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नाय, काय नाय. "पास हाय माझ्याकडं. ड्रायव्हरसाहेबांच्या सहीचा."

आणि पप्पा अजून मोठ्यानं हसले. भिंतीवर हात टेकून. मी त्यांचं ते हसणं चार वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या कुठल्याच गोष्टीवर ते तसं हसले नव्हते. आतनं काहीतरी पेटतं ना माणसाला, तसं झालं.

डेपोत पप्पांना सगळे गुरवभाऊ म्हणतात. झाडूवाल्या मावशीपासून मॅनेजरपर्यंत. ही बाई संपतराव म्हणत होती. पाणी देताना, बसताना, सीताफळं कुठं ठेवू विचारताना, सगळीकडं संपतराव. भाऊ एकदा पण तोंडातनं आलं नाय. ते पण माझ्या लक्षात आलं.

थोड्या वेळानं पप्पा म्हणले, "फोडणी राहिली. कढीपत्ता संपलाय, मुल्लाणी भाभीच्या झाडाचा आणतो." शेजारच्या भाभींच्या दारात कढीपत्त्याचं झाड होतं. ते गेले. मी स्वयंपाकघरात गेले, आणि ती माझ्या पाठीपाठी आली.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"काय नाय. पाहुण्यांनी बसायचं असतंय."

ती बसली नाय. ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणली, "डस्टरचं सांगितलंय मला तुझ्या पप्पांनी."

मी पळीत तेल घातलं, गॅस पेटवला.

"बरं केलंस," ती म्हणली. "मी असते तर सरालाच फेकला असता. डस्टर तरी शाळेच्या कामाचं."

मला हसू आलं. खरंच आलं, गालापर्यंत आलं. आणि आलं म्हणून मला स्वतःचाच इतका राग आला की मी तिच्याकडं पाठ केली.

"मला दुसरी आई नको हाय," मी पाठ फिरवूनच म्हणलं.

"मलाबी पोर नको हाय गं. ह्या वयात कुठं वाढवत बसू?" मग जरा थांबून म्हणली, "माझा नवरा मला सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी रात्रीचं एकटीच जेवते. टीव्ही लावून. जेवायला समोर माणूस पाहिजे, एवढंच. तुझ्या पप्पांचं पण तसंच हाय."

"पप्पांच्या समोर मी असते."

"तू असतीस व्हय? ते म्हणतात, तू ताट घेऊन छतावर जातीस."

खरं होतं ते.

"हे बघ," ती म्हणली, "तू नाय म्हणलीस तर मी येणार नाय. हेच तुला तोंडावर विचारायला आले. पप्पांना यातलं म्हाईत नाय."

आता तिला नाय म्हणायचं, एवढंच होतं. दोन अक्षरं. मी म्हणणार पण होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाहेरनं, भाभींच्या दारातनं, पप्पांचा आवाज आला.

"जयू, चार काड्या पुरतील का?"

जयू.

"पुरतील!" तिनं इथनं ओरडून सांगितलं. तिच्याच घरातनं ओरडावं तसं. मग फ्रीज उघडून बाऊल काढला, ओट्यावर ठेवला, मिठाचा डबा कुठं आहे ते मला न विचारता बरोबर शोधला, चिमूटभर मीठ टाकलं आणि चमच्यानं कालवायला लागली. डावा हात बाऊलच्या कडेला धरलेला. आईच्या बाऊलच्या कडेला.

तेलातनं धूर यायला लागला होता. मी मोहरी टाकली. तडतडली. हिंग टाकला, मिरची टाकली. कढीपत्त्यासाठी थांबले नाय. पळी उचलली.

ती काहीतरी म्हणली.

मी पळी बाऊलमध्ये बुडवली.

चुर्र झालं, आणि त्या चुर्रच्या पोटातच टण्ण असा एक आवाज झाला. लहानसाच. मग बाऊल उभा चिरला, दोन मोठे तुकडे बाहेरच्या बाजूला कलंडले आणि बुडाचा भाग दह्यासकट ओट्यावरनं खाली निघाला. पडतंय म्हणल्यावर माणूस धरायलाच जातं. तिनं चमचा टाकून उजव्या हातानं खालनं झेल घेतला. पुरा पंजा पसरून.

ती ओरडली नाय. "आगं बाई," एवढंच म्हणली, कुणाची तरी पिशवी बसमध्ये राहिल्यासारखं. मग मी बघितलं तर दही लाल व्हायला लागलं होतं.

पप्पा आत आले तेव्हा ती खाली बसलेली, हात वर धरून, मनगट डाव्या हातानं दाबून. अंगठ्याच्या बुडाशी काच घुसली होती आणि अंगठा हाताचा नसल्यासारखा लोंबत होता. पप्पांनी काही विचारलं नाय. टॉवेल गुंडाळला, उचलून उभं केलं. भाभींच्या नवऱ्याची ओमनी दारात होतीच. मी दारात उभी. पप्पांनी माझ्याकडं वळून पण बघितलं नाय. मला वाटलं, घाईत आहेत.

गाडीत मी बसणार नव्हते, भाभींनीच मला ओढून आत घेतलं. "एकटी काय करतीस घरात?" म्हणल्या. विट्याच्या डॉक्टरनी टॉवेल सोडून बघितलं आणि लगेच सांगलीला न्या म्हणले. सांगलीला तरुण डॉक्टर होता. त्यानं जखम बघितली, तिला अंगठा वाकवायला सांगितला. तिनं डोळे मिटून जोर लावला. अंगठा तसाच.

"दोरी तुटलीय आतली," तो म्हणला. "अंगठा वाकवणारी. कसं झालं हे?"

"काचेचं भांडं हुतं," जयमाला मॅडम म्हणली. "फ्रीजमधलं गार. मीच कडकडीत फोडणीची पळी बुडवली त्यात. लक्षात आलं नाय."

डॉक्टर म्हणला, "बायका काचेत कसली फोडणी घालतात?"

"चुकलं," ती म्हणली.

मी भिंतीला टेकून उभी होते. ती माझ्याकडं बघेल म्हणून वाट बघत होते. बघितलं नाय तिनं. पप्पा जमिनीकडं बघत होते.

बाहेर बाकावर भाभींनी मला विचारलं, "खरंच तिनं बुडवली काय गं?"

"मला काय म्हाईत? माझी पाठ होती. एकदम आपोआप फुटल्यागत फुटलं."

"काच हाय," भाभी म्हणल्या. "कधी काय करंल, नेम नाय. माझ्या भावजयीच्या हातात झाकण फुटलं हुतं, नुसतं पुसताना."

मी मान हलवली. बरं वाटलं मला ते ऐकून.

घरी आल्यावर पप्पांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाय. "पायात जाईल," म्हणले. एकटेच गुडघ्यावर बसून काचा वेचत राहिले. ओल्या फडक्यानं, मग कणकेचा गोळा फिरवून, मग परत फडक्यानं. तरी पुढं दोन-तीन महिने कुठं कुठं बारीक काच सापडायची. मिठाच्या डब्याखाली, शेगडीच्या पायाशी. सापडली की पप्पा काही न बोलता कागदात गुंडाळायचे.

तिचं ऑपरेशन झालं. दोरी जोडली, पण अंगठा पहिल्यासारखा झाला नाय. चिमूट बसेना. गर्दीच्या गाडीत उभं राहून दांडी धरायची, तिकीट द्यायचं, ते त्या हातानं व्हायचं नाय. तिला गाडीवरनं काढून तासगावच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. पप्पांना दुसरा कंडक्टर मिळाला. डब्यातनं थालीपीठ यायचं बंद झालं.

एक दिवस भाभी म्हणल्या, "बाईनं नको म्हणलं वाटतं तुझ्या पप्पांना. हात तसला झाल्यावर कोण दुसऱ्याच्या संसारात पडतंय?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. छतावर जाऊन मी एकटीच हसले. मला वाटलं, झालं, आता घर परत आमचं दोघांचं.

पण तसं काही झालं नाय. पप्पा लांबच्या ड्युट्या मागून घ्यायला लागले. घरी असले की कामाचं तेवढं बोलायचे. फोडणी पण तेच करायला लागले. मी एकदा पळी हातात घेतली, तर माझ्या हातातनं काढून घेतली, हळूच. "तू बस," म्हणले. मला वाटलं, काळजी करतात. मला भाजू नये, कापू नये म्हणून.

त्याला तीन वर्षं झाली. मी आता मोबाईलच्या दुकानात काम करते. फुटलेल्या स्क्रीन बदलते. माझी नजर बारीक आहे, मालक म्हणतात. राग पण तेवढा राहिला नाय. नाय म्हणजे, आहे, पण आधी येतोय ते कळतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी दुकानातनं लवकर आले. पप्पा स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभे होते. उभ्यानंच जेवत होते. ताट नाय, वाटी नाय. आमटीच्या पातेल्यात भात कालवलेला आणि तोंड भिंतीकडं.

"असं का जेवताय?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखे. "कोण बसतंय एकट्यासाठी ताट घेऊन," म्हणले.

तो घास गिळताना त्यांची मान मला पाठमोरी दिसली. एवढी बारीक झालेली. मी तेव्हाच ठरवलं, तासगावला जायचं.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून गेले. चौकशीची खिडकी लांबनंच दिसली. जाळीच्या आत ती बसलेली. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. मी खिडकीशी गेले आणि तोंडातनं भलतंच निघालं. "सांगलीला किती वाजता हाय?"

"साडेबारा. फलाट दोन," तिनं वर न बघता सांगितलं. मग पेन थांबलं. पेन डाव्या हातात होतं. "धनश्री?"

"हां."

"मोठी झालीस की."

मी किती काय पाठ करून आले होते. सगळं गेलं. म्हणलं, "त्या दिवशी तुम्ही म्हणला होता, काच हाय, गार हाय, पळी बुडवू नको, तडकंल. मी ऐकलं होतं ते. सगळं ऐकलं होतं."

तिनं चष्मा काढला. "म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"मागं वळलीस, माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि मग बुडवलीस. मी काय आंधळी हाय?"

पाठीमागनं एक म्हातारा आत डोकं घालून म्हणला, "बाई, कवठेमहांकाळ लागली का?" तिनं सांगितलं, अजून अर्धा तास. तो जायची वाट बघितली.

"मला तुमचा हात कापायचा नव्हता," मी म्हणलं. "बाऊल फोडायचा होता. तुम्हाला त्यात कालवता येऊ नये म्हणून."

"ते पण म्हाईत हाय. म्हणून तर माझ्यावर घेतलं. सोळा वर्षांची पोर, तिला काय जन्मभर ते डोक्यावर घेऊन फिरायला लावायचं?"

मला रडू आलं, पण मी तिथं रडले नाय. जाळीला बोटं अडकवून उभी राहिले. "पप्पा एकटेच जेवतात," मी म्हणलं. "उभ्यानं. तुम्ही माझ्यामुळं नको म्हणला ना त्यांना? आता मीच सांगते, या. मी दुसरीकडं राहीन पाहिजे तर. या तुम्ही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणली, "कोण म्हणलं मी नको म्हणले?"

"सगळेच. भाभी."

"टाके निघायच्या आधीच मी हो म्हणले हुते. उलट मीच विचारलं, संपतराव, असल्या हाताची बाई चालंल का तुम्हाला? भाकरी थापता यायची नाय मला." ती जरा हसली. "त्यांनी नको म्हणलं."

"पप्पांनी? का?"

"ते मला सांगितलं नाय. मी ह्या खिडकीत बसायला लागल्यावर आले. इथंच उभे हुते, तू हाईस तिथं. 'माझ्या घरात नको' म्हणले, आणि गेले. परत तासगावची ड्युटी घेतली नाय त्यांनी."

"मग आता?"

"आता काय," ती म्हणली. चष्मा परत लावला. "मलाबी आता समोर माणूस असलं की जेवण उतरत नाय. सवय गेली ती." आणि खिडकीत दुसरं कुणी आलं तसं तिनं त्याला वेळ सांगितली.

परत येताना गाडीत मी एकच विचार करत होते, पप्पा असं का म्हणले असतील. भाऊबंदांच्या भीतीनं? आईची आठवण? काहीतरी असंच असेल वाटत होतं.

पप्पांची दुपारपर्यंतची ड्युटी होती. मी पोचले तर ते भात उतरवत होते. मी दोन ताटं घेतली. छतावर गेले नाय. समोर बसले. त्यांना ते जरा विचित्र वाटलं असणार, कारण ताट त्यांनी थोडं स्वतःकडं ओढून घेतलं.

दोन घास झाल्यावर म्हणलं, "मी तासगावला गेलते."

ते जेवत राहिले.

"तुम्ही नको म्हणला तिला?"

"हां."

"का? आणि मला एक सांगायचंय, पप्पा. त्या दिवशी तिनं पळी नाय बुडवली. मी बुडवली. तिनं मला आधी सांगितलं होतं, बुडवू नको म्हणून..."

"म्हाईत हाय."

माझा हात ताटातच राहिला.

"मी कढीपत्ता घेऊन दारात हुतो," ते म्हणले. "ती काय म्हणली ते ऐकलं मी. तू तिच्याकडं बघितलंस ते बघितलं. तोंड कसं झालं हुतं तुझं, ते बघितलं. हाक मारेपर्यंत पळी खाली गेली हुती."

"मग मला बोलला का नाय? मारायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या. तीन वर्षं नुसते गप्प..."

"भीती वाटली."

"कसली?"

"तुझी."

ते त्यांनी रागानं म्हणलं नाय. उद्या किती वाजताची गाडी आहे ते सांगावं तसं म्हणलं. पाणी प्यायले. मग ताटाकडं बघत बोलले, "परक्या बाईला घरात आणायचं, आणि आपण आठ आठ तास रस्त्यावर. पाठीमागं ती आणि तू. कसं आणू मी तिला? हात गेला हुता तिचा. आणखी काय जायची वाट बघू? आणि तुला तरी कुठं टाकू? म्हणून तिला नको म्हणलं."

बाहेर भाभींच्या दारात कुणीतरी बादली सरकवत होतं.

"मी सोळाची होते, पप्पा," मी म्हणलं. "आता नाय तसली मी."

"व्हय."

"अजून वाटते भीती?"

ते उरलेला भात बोटांनी गोळा करत होते. तो खाल्ला. ताट रिकामं झालं. मी गुडघ्यावर उठले, भाताचं पातेलं जवळ ओढलं, उलथनं हातात घेतलं. "वाढू?"

पप्पांनी ताटावर आडवा हात धरला.

"राहू दे," म्हणले. "मी घेतो."